पाणी चोरून प्यायले तर कुणाला कळणार?

मागच्या रमजानमध्ये माझ्या सहा वर्षांच्या मुलीने मला विचारले, "अम्मी, तू दिवसभर जेवत का नाहीस?" लहानपणापासून जे उत्तर ऐकत आले होते तेच मी तिला दिले: गरिबांची भूक आपल्याला कळावी म्हणून. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "मग गरीब लोक रोजे का धरतात? त्यांना तर भूक माहीतच आहे." मी निरुत्तर झाले. हे उत्तर चुकीचे नसले तरी ते मूळ उत्तर नाही, हे एका लहान मुलीने दोन वाक्यांत दाखवून दिले होते.

कुरआनमध्ये रोज्यांचा आदेश सूरह बकरा या अध्यायाच्या 183व्या आयतीत (वचनात) आला आहे आणि तेथे सांगितलेला हेतू आहे तक्वा, म्हणजे अल्लाह आपल्याला पाहतो आहे ही जाणीव ठेवून स्वतःला वाइटापासून जपणे. भुकेल्यांविषयीची कणव त्यातूनच उगवते. परंतु 'तक्वा' हा शब्द सहा वर्षांच्या मुलीला समजावून कसा सांगायचा, हे मला सुचेना.

मार्ग तिनेच दाखवला. दुपारच्या नमाजाआधी मी वुजू, म्हणजे हात-पाय-तोंड धुण्याचा विधी, करत होते आणि ती शेजारी उभी राहून माझ्या गळ्याकडे टक लावून पाहत होती. मी चूळ भरली आणि पाणी थुंकले. "थोडे गिळले असतेस तर कुणाला कळले असते?" तिने विचारले. मी म्हटले, "कुणालाच नाही. तहान लागली आहे, पाणी तोंडात आले आहे, ते गिळायचे की थुंकायचे हे माझ्याच हाती आहे, आणि मी थुंकते, कारण अल्लाहला ठाऊक आहे. यालाच रोजा म्हणतात." यापेक्षा नेमके स्पष्टीकरण मला आजवर सापडलेले नाही. मात्र येथे एक पथ्य मी कटाक्षाने पाळते: 'अल्लाह पाहतो आहे' हे वाक्य मी धमकीच्या सुरात उच्चारत नाही, कारण आई दुरून आपल्याकडे पाहते आहे हे कळल्यावर मुलाला जो धीर येतो, तोच या वाक्यातून पोहोचायला हवा.

रोजा कधी सुरू होतो, हे सांगायला मी काळा आणि पांढरा असे दोन दोरे घेतले. पहाटेचा पांढरा धागा रात्रीच्या काळ्या धाग्यापासून वेगळा दिसू लागेपर्यंत खा-प्या, असे त्याच अध्यायाच्या 187व्या आयतीत म्हटले आहे. अदी बिन हातिम या सहाबींनी, म्हणजे प्रेषितांच्या सोबत्याने, ते शब्दशः घेतले, उशीखाली खरोखरच दोन दोरे ठेवले आणि रात्री ते पुन्हा पुन्हा पाहत राहिले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना समजावले की हे धागे म्हणजे रात्रीचा काळोख आणि दिवसाचा उजेड. मोठ्या माणसाचीही अशी गफलत होते, याचा माझ्या मुलीला फार आनंद झाला. सूर्य मावळला की खजूर किंवा पाण्याने रोजा सोडायचा, हे तिला आधीच पाठ होते.

चंद्राच्या वर्षाचे गणित मात्र मी आवरते घेतले. हे वर्ष सौर वर्षापेक्षा साधारण 11 दिवसांनी लहान असते, त्यामुळे रमजान दरवर्षी मागे सरकतो आणि 2030मध्ये तो जानेवारीत एकदा व डिसेंबरअखेर पुन्हा सुरू होईल, एवढे तिला पुरले.

"मग मीही रोजा धरते," हे वाक्य यायचेच होते. लहान मुलांवर रोजा फर्ज, म्हणजे बंधनकारक, नाही; आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलत आहे, त्यांनी ते दिवस नंतर भरून काढायचे असतात. ही सूट मुलांना आवर्जून सांगावी, असे माझे मत आहे, कारण 'कोण किती तास उपाशी राहिले' याची चढाओढ मुलांमध्ये लगेच सुरू होते आणि कौतुकाच्या भरात आपण मोठी माणसेच तिला खतपाणी घालतो. अर्थात सवय लावण्याची रीतही जुनीच आहे. मदीनेतील स्त्रिया आशूराच्या, म्हणजे मुहर्रमच्या दहाव्या, दिवशी मुलांनाही रोजा धरायला लावत आणि एखादे मूल खाण्यासाठी रडू लागले की रोजा सोडण्याची वेळ होईपर्यंत त्याला लोकरीचे खेळणे देत, असे हदीसमध्ये, म्हणजे प्रेषितांच्या काळाविषयीच्या नोंदींमध्ये, रुबय्यि बिन्त मुअव्विज या सहाबी स्त्रीने सांगितले आहे. ते लोकरीचे खेळणे मला सगळ्या उपदेशांपेक्षा शहाणपणाचे वाटते.

शेवटी आम्ही दुपारपर्यंतचा सराव ठरवला. अकराच्या सुमारास ती चित्र रंगवता रंगवता बिस्किट खाऊ लागली, अर्धे संपल्यावर तिला आठवले आणि तिचे डोळे भरून आले. मी तिला जवळ घेऊन सांगितले की विसरून खाल्ल्याने रोजा तुटत नाही, प्रेषितांनी (स.) म्हटले आहे की अशा माणसाने आपला रोजा पूर्ण करावा, कारण त्याला अल्लाहनेच खाऊ-पिऊ घातले. तिने डोळे पुसले, उरलेले बिस्किट बशीत ठेवले आणि त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिली.

"अम्मी," ती हळूच म्हणाली, "मी अजून एकदा विसरू का?"