तरंगत्या तळाची खरी भानगड जोडात आहे

गेले दोन आठवडे डोक्यात एकच किडा वळवळतोय, तरंगते नौदल तळ. म्हणजे कुठल्या देशाच्या हातापाया पडायला नको, आपलाच तळ हवा तिथे नेऊन भर समुद्रात उभा करायचा. अमेरिकेने ९०च्या दशकात मोबाईल ऑफशोर बेस नावाने यावर जोरात अभ्यास केला होता, साधारण दीड किलोमीटरची धावपट्टी, मोठी मालवाहू विमानं थेट उतरतील अशी.

मला वाटायचं एवढं मोठं धूड बांधणं हीच अडचण असेल. पण लांब जहाजाचं दुखणं वेगळंच असतं, पोट लाटेच्या माथ्यावर आलं की दोन्ही टोकं लोंबतात, टोकं दोन लाटांवर टेकली की पोटाला झोळ येतो, आणि हे दर काही सेकंदांनी, वर्षानुवर्षं चालू. २०१३ मध्ये एमओएल कम्फर्ट नावाचं ३१६ मीटरचं कंटेनर जहाज असंच मधोमध मोडलं, दोन्ही तुकडे कितीतरी दिवस वेगवेगळे तरंगत होते!

म्हणून मग आधीच तुकडे करायचे. प्रत्येक तुकडा ऑइल रिगसारखा सेमी-सबमर्सिबल, म्हणजे अर्धवट बुडालेला, खाली बुडालेले पाँटून (पोकळ टाक्या), त्यावर खांब, खांबांवर डेक, लाटांच्या तोंडी फक्त खांब येतात त्यामुळे हलतं कमी. इथपर्यंत झकास.

पण ते जोडायचे कसे? मी बादलीत थर्माकोलचे दोन तुकडे दोऱ्याने बांधून हाताने लाटा करून बघितल्या (घरच्यांनी काय विचार केला असेल ते जाऊ दे). ढिला बांधला की दोन्ही खटाखट एकमेकांवर आपटतात, घट्ट बांधला की दोरा रुतून कडाच फाडतो. तिकडे इंजिनिअर लोकांचंही तेच, कुणी म्हणे बिजागऱ्या लावू, कुणी म्हणे मध्ये लवचिक पूल टाकू, आणि कुणी तर म्हणे जोडच नको, प्रत्येक तुकडा थ्रस्टरने (पाणी ढकलणाऱ्या पंख्यांनी) जागेवर धरून ठेवू.

जपानने मेगा-फ्लोट नावाची १००० मीटरची तरंगती धावपट्टी तुकडे वेल्ड करून खरंच बनवली, विमानंही उतरवली, पण ती योकोसुकाजवळ, टोकियोच्या उपसागरात. भर समुद्राच्या लाटा तिथे कुठल्या.

अमेरिकेचा तो दीड किलोमीटरवाला तळ कागदावरच राहिला. त्याऐवजी आज ते लुईस बी. पुलरसारखी जहाजं वापरतात, ऑइल टँकरच्या डिझाईनवरून काढलेली, वर हेलिकॉप्टरसाठी डेक, खाली लहान बोटींना जागा. लांबी २३९ मीटर, आणि मध्ये एकही जोड नाही.