बीसीएम बदलला, पण आधी पाण्याची वाट बंद केली

मागचं ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. बीसीएम म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल, गाडीचे दिवे, लॉकं, इंडिकेटर सांभाळणारा कॉम्प्युटरचा बॉक्स. डबल कॅबिन डिझेल पिकअप, डिचोलीत घरासमोर उघड्यावर, आंब्याखाली उभी असते. पाऊस धरल्यापासून वायपर लावला की डावा इंडिकेटर मिचमिचायचा, रात्री दारांची लॉकं आपसूक खटखटायची आणि गाडी काही दिवस उभी राहिली की स्टार्टर नुसता टक् करून गप्प. बॅटरी नवी, इंजिन चालू असताना अल्टरनेटर १४.२ व्होल्ट देतो. म्हणजे उभ्या गाडीत कोणीतरी करंट खात होतं.

हा करंट मोजताना घाई चालत नाही. बॅटरीच्या निगेटिव्हला मीटर सिरीजमध्ये लावला. फ्यूजपर्यंत हात जायला दार उघडं हवं, म्हणून दाराच्या लॉकची जीभ स्क्रूड्रायव्हरने फिरवून बंद केली. गाडीच्या लेखी दार लागलं. रिमोटची किल्ली घरात ठेवली आणि अर्धा तास हात लावला नाही. सगळे मॉड्यूल, म्हणजे गाडीतले छोटे कॉम्प्युटर, झोपले की आकडा ५० मिलिअँपिअरच्या आत यायला हवा. माझा ४०० च्या आसपास अडून बसला. दिवसाला जवळपास १० अँपिअर-तास गळती, आणि बॅटरी ७० ची.

इथे बरेच जण एकेक फ्यूज उपटत सुटतात. तसं करू नका. फ्यूज परत बसवला की झोपलेलं मॉड्यूल पुन्हा जागं होतं आणि सगळं मोजमाप पहिल्यापासून. त्यापेक्षा फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांमध्ये मिलिव्होल्ट मोजायचे. करंट वाहत असेल तर थोडा तरी व्होल्टेज दिसतो, नसेल तर शून्य. माझ्याकडे दोन फ्यूजवर आकडा दिसला आणि दोन्ही बीसीएमचेच निघाले.

तरी लगेच बॉक्सवर खापर फोडलं नाही. बॅटरी सोडून स्कॅनरच्या सॉकेटमध्ये ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रोध मोजला: ६० ओहम. कॅनच्या (मॉड्यूल ज्या दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात ती लाइन) दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर समांतर असतात, त्यामुळे हाच आकडा हवा. १२० आला असता तर एक टोक तुटलंय असं समजून वायरिंगच्या मागे लागलो असतो. स्कॅनरवर बी आणि यू अशा दोन्ही जातीचे कोड होते. बी म्हणजे बॉडी, यू म्हणजे मॉड्यूलमधला आपापसातला संवाद. इंजिनचा एकही नाही.

क्लीनर साइडचा ग्लोव्ह बॉक्स काढला की बीसीएम दिसतो. त्याआधी बॅटरी सोडून थोडा वेळ जाऊ द्या, आणि तिथे पिवळे कपलर (वायरींचे प्लग) दिसले तर ते एअरबॅगचे, त्यांच्या वाटेला जाऊ नका. वरच्या कपलरची लीव्हर ओढली तर ती करकरत आली. आत कोपऱ्यातल्या पिनांवर मोरचुदासारखा निळा-हिरवा थर, एक पिन तर नखाने खरवडल्यावर मोडलीच. बॉक्स उघडला. बोर्डवर सोल्डर केलेल्या रिलेंच्या पायाशी काळा डाग, आणि तोच ओघळ मायक्रोकंट्रोलरच्या खाली शिरलेला. रिले बदलता येतो. चिपखाली आणि बोर्डच्या आतल्या थरांत गंज गेला की आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन चार दिवस चालेल, पुढच्या पावसाची खात्री कोण देणार? म्हणून नवा घ्यायचं ठरवलं.

पण बॉक्स वरून भिजला होता, हे महत्त्वाचं. कार्पेट उचललं तर खालचा फोम दाबल्यावर पाणी आलं. पुढच्या काचेखालच्या काऊलवर (वायपरच्या बुडाशी पाणी गोळा होतं ती पन्हळ) पाइप सोडला आणि पुतण्याला टॉर्च देऊन डॅशबोर्डखाली झोपवला. थोड्याच वेळात आतून आवाज, "काका, वायरवरून उतरतंय!" आंब्याची पानं, मोहोर आणि माती यांनी काऊलचा डावा ड्रेन ठासून भरला होता. पाणी साचून फायरवॉलच्या (इंजिन आणि कॅबिनमधली पत्र्याची भिंत) ग्रोमेटपर्यंत, म्हणजे वायरी जातात त्या भोकातल्या रबरापर्यंत, चढायचं आणि हार्नेसवरून (वायरींचा जुडगा) सरळ कपलरमध्ये. गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. नवा बॉक्स त्याच जागी तसाच लावला असता तर चवथीपर्यंत तोही गेला असता. ड्रेन साफ केला, ग्रोमेट नवा घातला, भोवती ब्यूटिल (चिकट रबरी सीलंट) लावलं आणि हार्नेसला कपलरच्या आधी खाली झोल दिला, म्हणजे थेंब आलाच तर झोलावरून खाली पडेल. कुजलेल्या पिनांचे टर्मिनल नवे क्रिम्प केले.

भंगारातला बीसीएम स्वस्त मिळत होता. माझं मत विरोधात. पार्ट नंबरची शेवटची अक्षरंसुद्धा जुळावी लागतात, आणि जुन्या बॉक्समध्ये दुसऱ्याच गाडीचा चेसिस नंबर आणि इमोबिलायझर (ओळखीच्या किल्लीशिवाय गाडी सुरू होऊ न देणारं कुलूप) असतो. पुष्कळ मॉडेलमध्ये तो पुसता येत नाही. कोरा बॉक्स आणला, कोडिंग फोंड्याच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे. त्याने आधी बॅटरीला सपोर्ट चार्जर लावला, कारण सॉफ्टवेअर चढताना व्होल्टेज पडला तर नवा बॉक्स तिथेच मेला. मग चेसिस नंबर, व्हेरियंट, इमोबिलायझर, शेवटी किल्ल्या. घरातल्या सगळ्या किल्ल्या सोबत न्या. त्या वेळी समोर नसलेली किल्ली बहुधा बाद होते. जाण्याआधी ओडोमीटरचा फोटो काढून ठेवा, काही गाड्यांत किलोमीटरची नोंद बीसीएममध्येही असते.

जाता जाता एक गंमत: इंडिकेटरचा टिकटिक आवाज आता खरा नाही. पूर्वी फ्लॅशर रिले वाजायचा, आता बीसीएम दिवे मिचकावतो आणि मीटर कन्सोलमधला स्पीकर टिकटिक करतो. त्यामुळे "आवाज येतो म्हणजे रिले चांगला" हा जुना ठोकताळा इथे चालत नाही.

सध्याची स्थिती: झोपलेल्या गाडीचा करंट २२ मिलिअँपिअर. मुसळधार पावसात चोर्ला घाटातून जाऊन आलो, कार्पेट कोरडं. लॉकं गुमान आहेत. ड्रायव्हरच्या काचेचं ऑटो-अप पुन्हा शिकवावं लागलं: काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवायचं. फॉग लॅम्प मात्र लागत नाहीत. बल्बला व्होल्टेजच पोचत नाही, बहुतेक व्हेरियंट निवडताना बिनफॉगवाला निवडला गेलाय. पुढच्या आठवड्यात पुन्हा फोंड्याला, त्याच फेरीत काऊलवर बसेल अशी स्टीलची जाळीही कापून आणतो.