तबल्याची वही: मार्च ते ऑगस्ट २०२०

तबला शिकणाऱ्या सगळ्यांना नमस्कार. पाच महिन्यांच्या नोंदी एकदम टाकते आहे. मधले सहा आठवडे माझ्याकडे वाजवायला तबलाच नव्हता, आणि नेमक्या त्याच काळात सगळ्यात जास्त शिकले. सुरुवातीपासून सांगते.

मी डोंबिवलीला राहते, नोकरी फोर्टला. तबल्याच्या मध्यमा प्रथम परीक्षेची तयारी चालू होती. सकाळी सव्वाआठची फास्ट पकडायची, संध्याकाळी साडेसातला घरी, त्यामुळे रियाज म्हणजे रात्री जेमतेम वीस मिनिटं आणि रविवारचा क्लास. २३ मार्चला लोकल बंद झाल्या. २५ ला गुढी उभारली आणि त्याच दिवसापासून देश बंद. परीक्षाही पुढे गेली.

मार्चअखेर

पहिले आठ दिवस रोज दोन-दोन तास बसले. 'धा धा तिट धा धा तूना, ता ता तिट धा धा धिना', आपल्या सगळ्यांचा पहिला कायदा, म्हणजे ठरलेल्या बोलांची रचना. ठाय (मूळ लय), दुगुन (दुप्पट), चौगुन (चौपट) आणि सगळे पलटे, म्हणजे त्याच बोलांची उलटापालट. बातम्या ऐकून छातीत धडधडायचं, तेच हातात उतरायचं. सुरुवात मिनिटाला ८० मात्रांनी केली तरी दहा मिनिटांनी हात १०० च्या पुढे गेलेला असायचा. नवव्या दिवशी उजव्या तर्जनीचं पेर सुजलं. चाटेवर, म्हणजे कडेच्या कातडीवर, 'ना' मारला की कळ कोपरापर्यंत जायची.

सरांना फोन केला. म्हणाले, "तीन दिवस हात लावू नकोस. आणि परत बसशील तेव्हा लेहरा ४० वर लाव." लेहरा म्हणजे ताल धरायला सतत फिरत राहणारी धून.

एप्रिल

४० ला एका मात्रेला दीड सेकंद लागतो. सोळा मात्रांच्या तीनतालाचं एक आवर्तन, म्हणजे एक पूर्ण फेरी, २४ सेकंदांचं. ज्यांनी करून पाहिलं नसेल त्यांनी जरूर करा. 'धा' वाजतो, त्याची आस विरत जाते आणि पुढचा 'धिं' अजून आलेलाच नसतो. मधल्या त्या मोकळ्या जागेत काय करायचं ते मला ठाऊकच नव्हतं. हात आपोआप पुढे धावायचा.

वेळेचाही प्रश्न होता. सगळी बिल्डिंग घरी. कुणाचा मुलगा परीक्षेचा अभ्यास करतोय, कुणाची ऑफिसची मीटिंग, सकाळी नऊ आणि रात्री नऊ घरोघरी रामायण. आमच्या बरोबर खालच्या मजल्यावर एक आजोबा एकटेच राहतात, मुलगी बाहेरगावी अडकलेली. तबल्याचा त्रास होत असेल म्हणून त्यांना फोन केला. म्हणाले, "अगं, विचारतेस काय? वाजव. फक्त चारनंतर वाजव, म्हणजे मला चहा घेत ऐकता येईल." तेव्हापासून चार ते पाच ही वेळ ठरली. ऑफिसचं काम असो, पोळ्या राहिलेल्या असोत, चारला तबल्याखालची चुंबळ मांडायची. लोकल गेल्यापासून दिवसाला आकार नव्हता, तो या चारच्या वेळेने आला.

ऑनलाइन क्लासबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण बरेच जण इथेच अडतात. पहिल्या क्लासला सर तिकडे टाळी देत होते आणि मी इकडे वाजवत होते. माझ्या मते मी अगदी समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर), त्यांच्या मते मी कायम मागे. दोघंही बरोबर होतो. आवाज जायला-यायला वेळ लागतो, त्यामुळे एकत्र वाजवणं जमतच नाही. मग असं केलं: लेहरा माझ्याच बाजूला दुसऱ्या फोनवर लावायचा. लेहरा आणि तबला दोन्ही सरांकडे सारख्याच उशिराने पोचतात, त्यामुळे लय कुठे हलली ते त्यांना नीट कळतं. त्यांनी वाजवायचं तेव्हा मी गप्प, मी वाजवायचं तेव्हा ते गप्प. दुसरं म्हणजे झूमच्या सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू करा. नाहीतर त्याला तबला म्हणजे खोलीतला खडखडाट वाटतो आणि तो आवाज दाबतो. आमच्याकडे डग्गा (डाव्या हाताचा, खर्जाचा) तर पहिले दोन क्लास ऐकूच गेला नव्हता.

९ मे, शनिवार

दुपारी तबला खिडकीशी राहिला आणि त्याच्यावर ऊन आलं. आदल्या दिवशीच मी तो काळी एक या सुराला मिळवून ठेवला होता, तोही जरा चढाच. रात्री जेवताना आतल्या खोलीतून टण्ण आवाज आला. जाऊन पाहिलं तर गजऱ्यालगत (कडेच्या कातडी वेणीलगत) चाट अर्ध्या वितीएवढी उकललेली. पुडी, म्हणजे तबल्यावरचं ताणलेलं कातडं, गेली. चूक माझीच. वाजवून झालं की वाद्य झाकून, उन्हापासून लांब ठेवायचं हे पहिल्या वर्षी शिकवलेलं असतं.

दुकानं बंद. कल्याणला पुडी चढवणारे काका आहेत, त्यांच्यापर्यंत पोचायची सोय नाही. त्या रात्री मी खरंच रडले.

मे-जून: पढंत

सर म्हणाले, "तोंड आहे ना? हात टाळी द्यायला आहेत ना? मग तबला आहे."

सहा आठवडे फक्त पढंत. समेवर टाळी, पाचव्या मात्रेवर टाळी, नवव्यावर, म्हणजे 'खाली'च्या मात्रेवर, टाळीऐवजी हात बाजूला, तेराव्यावर टाळी, आणि तोंडाने बोल. चारच्या ठोक्याला गॅलरीत खुर्ची टाकून बसायचं. वाजवताना बोटांच्या आवाजात चूक लपते. पढंतीत लपत नाही.

इथे सरांनी मला एक साधी तिहाई, म्हणजे तीनदा म्हणून समेवर यायचा तुकडा, दिली. 'तिटकत गदिगन धा', चौगुनीत. तिटकतची एक मात्रा, गदिगनची एक, धाची एक. लागोपाठ तीनदा म्हटली तर नवव्या मात्रेपासून, म्हणजे खालीपासून उचलायची आणि समेवर यायचं. 'धा' पडतात अकरा, चौदा आणि समेवर. ही मला येतच होती. मग ते म्हणाले, आता प्रत्येक 'धा'नंतर एक मात्रा दम घे आणि सातवीपासून उचल.

करून बघा. पहिला 'धा' नवव्या मात्रेवर, बरोबर खालीवर. दुसरा तेराव्यावर, टाळीवर. तिसरा समेवर. एकेका रिकाम्या मात्रेमुळे तिन्ही 'धा' तालाच्या खांबांवर जाऊन बसतात. आणि तीच रिकामी मात्रा मी दरवेळी खात होते. पाऊण मात्रा थांबायचे आणि पुढचा 'तिटकत' तोंडातून सुटायचा. सर सांगायचे, "दम म्हणजे वाट बघणं नाही. तीही वाजवायचीच मात्रा आहे, फक्त आवाज न करता." मी त्या मात्रेला श्वास आत घ्यायला लागले. अख्खी मात्राभर, घाई न करता. साधारण पंधरा दिवसांनी एका संध्याकाळी तिसरा 'धा' लेहऱ्याच्या समेवर असा पडला की अंगावर काटा आला. त्याच क्षणी खालच्या गॅलरीतून आवाज आला, "वाऽ!"

आजोबा रोज ऐकत होते. तेव्हा कळलं की ते तरुणपणी भजनी मंडळात पखवाज वाजवायचे.

जूनअखेर

पुडी बसली. काकांनी घाम पुसत सांगितलं की तीन महिन्यांत त्यांच्याकडे आलेलं हे पाचवंच काम. बैठका नाहीत, क्लास नाहीत, भजनं नाहीत, मग कोण तबले आणणार? हे ऐकून आमच्या क्लासच्या ग्रुपवर लिहिलं. सात जणांनी दिवाळीला करू म्हणून ठेवलेली कामं लगेच दिली: कुणाची वादी (पुडी ताणून धरणारा कातडी पट्टा), कुणाची डग्ग्याची पुडी. तुमच्या गावातही असे कारागीर असतील. काम असेल तर थांबू नका, आत्ताच द्या.

पावसाळी हवेत सूर सारखा उतरतोय. दरवेळी वादीखालचे लाकडी गठ्ठे ठोकून चढवू नका. मी अर्धा सूर खाली असला तरी तसाच वाजवते.

१ जुलै, आषाढी

यंदा वारी नाही. पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. आजोबांचं वय ७८, इतक्या वर्षांत आषाढीला घरी बसून असं पहिल्यांदाच. चारला मी तबला गॅलरीत काढला आणि भजनी ठेका धरला. थोड्या वेळाने खालून टाळ वाजू लागले आणि मग अभंग. आवाज थकलेला, पण लय पक्की. मध्ये फक्त एक स्लॅब, त्यामुळे उशीर काहीच नाही. मार्चनंतर पहिल्यांदा मी कुणाबरोबर वाजवत होते. कडवं संपलं की ते थांबायचे, मी आठ मात्रांचं एक आवर्तन रिकामं जाऊ द्यायचे, आणि ते बरोबर समेला उचलायचे. पाऊण तास चाललं. समोरच्या बिल्डिंगमधल्या खिडक्या एकेक करून उघडल्या.

ऑगस्ट

२२ ला गणपती बसले. यंदा आरतीला घरातलीच चार माणसं, ठेका माझा, टाळ खालून.

आता कुठे आहे: कायदा ठाय आणि दुगुनीत स्वच्छ, चौगुनीत 'तिट' अजून चिकटतो. ४० ला वीस मिनिटं लय हलत नाही. दमाची तिहाई तीनतालात पक्की झाली, दहा मात्रांच्या झपतालात बसवते आहे. डग्ग्याची घीस (मनगट घासून काढायचा घुमारा) कमी पडते, मनगट जड आहे. कुणाकडे मनगटासाठी चांगला पलटा असेल तर लिहा.

आजोबांनी काल विचारलं, रूपक ताल येतो का? सात मात्रा, आणि सुरुवातच खालीपासून. सोमवारपासून तोच घेते आहे, ४० वर.