चोवीस की एकशे चोवीस?

लिलावासाठी जुन्या टपाल तिकिटांची वर्णनं लिहिणं हे माझं काम. त्या दिवशी दुपारी एक काकू पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात तिकिटं घेऊन आल्या. "कडेला दाते नाहीत, राणीचा मुखडा आहे, निळा अर्धा आणा. म्हणजे १८५४चंच ना?" सगळं वाचून आल्या होत्या.

त्यांचं सगळ्यात लाडकं तिकीट पत्राच्या एका तुकड्यावर चिकटलेलं होतं. खाली मोडीत पत्ता. मी भिंग लावलं आणि मनातल्या मनात 'अरेरे' म्हटलं. १८५४चं अर्धा आण्याचं तिकीट कलकत्त्यात शिळाछापावर छापलेलं. दगडावरून उतरलेली शाई कागदावर सपाट बसते. इथे मात्र प्रत्येक रेघेच्या कडेला शाई दाबून गोळा झाली होती, गडद काठासारखी. ही खूण धातूच्या उठावावरून दाबून छापल्याची, म्हणजे लंडनच्या डी ला रू छापखान्याची. खरं तर शिक्क्याच्या पट्ट्यांखालून 'ईस्ट इंडिया पोस्टेज' वाचता येत होतं, तेवढ्यावरच निकाल लागतो. १८५४च्या तिकिटावर नुसतं 'इंडिया' असतं. पण काकूंना अक्षरांपेक्षा शाईचा काठ जास्त पटला.

"मग दाते कुठे गेले?" एका कोपऱ्यात अर्धं भोक शिल्लक होतं. कुणीतरी कात्रीने चारही बाजू तासल्या होत्या. "आमचे थोरले काका," काकू म्हणाल्या, "त्यांना फाटक्या कडा आवडायच्या नाहीत."

पाण्यात भिजवून सोडवू का, असं त्यांनी विचारलं. नको म्हटलं. मागची कागदातली खूण, म्हणजे वॉटरमार्क, दिसली असती, बिनखुणेच्या कागदावरचं आधीचं तिकीट की १८६५पासूनचं हत्तीच्या डोक्याचं, तेही कळलं असतं. पण तुकड्यावरचा शिक्का मोडला असता, आणि तोवर माझं लक्ष शिक्क्यावर गेलं होतं.

आडव्या पट्ट्यांचा, पत्त्यातल्या चौकटसारखा आकार, मधे टपाल कचेरीचा आकडा: २४. बंगालकडच्या शिक्क्यात आकड्याबरोबर 'बी' असतो, सिंगापूरचा बी १७२ तसाच. इथे अक्षर नाही, म्हणजे मुंबईकडचा. पण २४ मधोमध नव्हता, उजवीकडे सरकलेला. शिक्का कोरणारा इतका गबाळा नसतो. डावीकडे आणखी एका आकड्याची जागा होती.

स्कॅन करून फक्त निळा चॅनल ठेवला. निळी शाई फिकट झाली, काळी तशीच राहिली. पट्ट्यांच्या मधे एक बारीक उभी रेघ वर आली. १२४.

एडन!

१८३९ साली अरबस्तानातलं एडन बंदर इंग्रजांनी घेतलं आणि त्याचा कारभार मुंबईकडे आला, टपालही त्यातच. भारताची तिकिटं तिथे १९३७पर्यंत चालली. अर्धा आण्याचं हे तिकीट ढिगाने मिळतं, तासलेलं तर कुणी फुकट घेणार नाही. पण १२४ असलेलं, तेही तुकड्यावर, शोधणारे लोक वेगळेच. वर्णनात मी 'कडा कापलेल्या' हे पहिल्याच ओळीत लिहिलं.

मोडी वाचणाऱ्या मित्राला फोटो पाठवला. त्याचं उत्तर लगेच आलं: 'मुक्काम रत्नागिरी', पुढचं नाव अर्ध्यात कापलंय.

पूर्ण पत्र असतं तर कुणी, कधी, काय लिहिलं ते सगळं कळलं असतं. मी काकूंना विचारलं, उरलेले कागद घरी असतील का?

"काका तिकिटं कापून घ्यायचे," त्या म्हणाल्या, "आणि कागद आजी बंबात घालायची."