सवितादेवाचा वस्तरा

वणवा पेटला आणि मागून वारा सुटला की आग रान साफ करत पुढे सरकते. मागे उरते काळी, उघडी भुई. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात, १४२व्या सूक्तात, हे दृश्य पाहून कवीला आठवला तो न्हावी. ‘वप्तेव श्मश्रु वपसि प्र भूम’. अग्नी, न्हावी दाढी करतो तशी तू भुई भादरतोस. कॉलेजात संस्कृत शिकवायचो तेव्हा ही ऋचा मी मुद्दाम दुपारच्या शेवटच्या तासाला ठेवायचो. इंद्र, सोम, यज्ञ या गर्दीत मागच्या बाकावरच्या पोरांना एकदम ओळखीचा माणूस भेटायचा.

अथर्ववेदात तर देवच धोकटी, म्हणजे न्हाव्याची हत्यारांची पिशवी, घेऊन येतात. सहाव्या कांडातलं ६८वं सूक्त अवघ्या तीन ऋचांचं. सविता, म्हणजे सूर्यदेव, वस्तरा घेऊन आला आहे. वायो, तू ऊन पाणी घेऊन ये. अदितीने दाढी करावी, पाण्याने केस भिजवावेत. ज्या वस्तऱ्याने सवित्याने सोमराजाची आणि वरुणाची केली, त्यानेच आता याचीही करा. गरम पाण्याची केवढी ती काळजी! आपण मात्र ‘त्याची बिनपाण्याने केली’ असं सांगताना किती खुशीत असतो.

पहिली दाढी हा तेव्हा रीतसर संस्कार होता, केशान्त. मनुस्मृतीत ब्राह्मणाला सोळावं वर्ष सांगितलंय, क्षत्रियाला बाविसावं, वैश्याला चोविसावं. चोविसाव्या वर्षापर्यंत त्या बिचाऱ्याच्या गालावर काय जंगल माजलं असेल! यात गुरूला गाय द्यायची, म्हणून दुसरं नाव गोदान. आश्वलायन गृह्यसूत्राने पुरोहिताचं काम सोपं करून टाकलंय: विधी चौलाचाच, म्हणजे जावळाचा, मंत्रात ‘केश’ येईल तिथे ‘श्मश्रु’ म्हणा. मुंज टिकली, लग्न टिकलं, केशान्त गेला. माझा केशान्त वडिलांच्या रेझरने, चोरून, परसातल्या नळावर झाला, आणि गुरूच्या वाट्याला गाय आली नाही.

दाढी काढायची ती बरं दिसावं म्हणून, हे आपलं आजचं खूळ. शतपथब्राह्मण सोमयागाची दीक्षा घेणाऱ्याला केस, दाढी, नखं काढायला लावतं आणि कारणही देतं. तिथे पाणी पोचत नाही, म्हणून तेवढा माणूस अशुद्ध. म्हणजे दाढी कधी असावी आणि कधी नसावी, हे माणूस कोणत्या अवस्थेत आहे त्यावर ठरणार, आरशात पाहून नाही.

आमच्या घरात हे कुणी शतपथ वाचून पाळत नव्हतं, पण पाळत होते. अमावास्येला दाढी नाही, एकादशीला नाही, शनिवारी नाही, जन्मनक्षत्रावर नाही. सोमवारी तर सलूनच बंद. काकू गरोदर होती तेव्हा काका दाढी वाढवून बँकेत जायचा आणि साहेब चकार शब्द काढायचा नाही, कारण साहेबही त्यातून गेलेला. वडील हयात असताना मिशी काढायची नाही, हा आजीचा कायदा. धाकटा भाऊ एकदा मिशी उडवून आला, तर आजी दारातच उभी. ‘बाप जिवंत आहे ना रे तुझा?’ तो दिवसभर ओसरीवर बसून होता.

वडील गेले तेव्हा दहाव्याला वाईत कृष्णेच्या घाटावर आमची सुतकातली दाढी, डोकं, मिशी, सगळं उतरलं. न्हावीबुवांचा हात फार हलका. गुरुजी थोडं बाजूला उभे राहून मोबाइलवर पुढच्या क्रियेची वेळ ठरवत होते. न्हाव्याचं काम उरकेपर्यंत त्यांचा मंत्र अडलेला. पण नंतर नातेवाईक रांगेने वाकले ते गुरुजींपुढे. न्हावीबुवांच्या हातात नोट ठेवली आणि सगळे जेवणाकडे वळले.

ज्या माणसावाचून संस्कारही होत नाही आणि सुतकही फिटत नाही, त्याला आपण गावगाड्यात काय काय करायला लावलं! तुंबडी, म्हणजे रक्त ओढणारं पोकळ शिंग, लावून रक्त काढायचं, पाहुण्यांचे पाय चेपायचे, रात्री मशाल धरायची. बदल्यात म्हण दिली, रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी. ही तुंबडी म्हणजे काय, असं विचारलं की माझ्या वर्गात एकही हात वर व्हायचा नाही. जातीने न्हावी असलेल्या संत सेना महाराजांनी धोकटीतली एकेक वस्तू उचलून अभंगात ठेवली, विवेकाचा आरसा, वैराग्याचा चिमटा. तो अभंग आम्ही भजनात टाळ कुटत म्हणतो.

आणि या वस्तऱ्याचं एक काम असं होतं, ज्याबद्दल आजी कधी बोलली नाही. विधवेचं केशवपन. दीक्षा घेणारा यजमान एकदा केस उतरवतो, याग संपला की ते पुन्हा वाढतात. विधवेचा याग संपतच नाही. केस वाढले की पुन्हा वस्तरा, असं मरेपर्यंत. सुधारक आणि शास्त्री यांची यावर वचनांची लढाई चालली होती. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधक पुढाऱ्याने मुंबईत न्हाव्यांची सभा भरवली. शेकडो न्हावी जमले आणि विधवेच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं ठरवून उठले. लोखंडे गिरणी कामगारांचे पुढारी. काम बंद पडल्यावर मालक कसा ताळ्यावर येतो, हे त्यांना शास्त्र्यांपेक्षा नक्कीच जास्त कळत होतं.

हे मुंबईत जमलं, याचं एक अगदी रोकडं कारण असावं असं मला वाटतं. शहरातला न्हावी दाढीचे पैसे तिथल्या तिथे घ्यायचा. एक घर गेलं तर दुसरं मिळे. गावातल्या न्हाव्याचं वर्षाचं बलुतं मात्र ठरलेल्या घरांच्या खळ्यावरून यायचं, आणि ज्या वाड्याला तो नाही म्हणणार, त्याच वाड्यापुढे सुगीला त्याला पदर पसरायचा होता. मुंबईकरांनाही हा नकार फुकट पडला नसणार. केशवपनाचं गिऱ्हाईक बारमाही होतं.