कामाशिवाय नागपूर

विदर्भातला माणूस नागपूरला उगाच जात नाही. त्याचं तिथं काम निघतं. कोर्टाची तारीख असते, मुलाचा पेपर असतो, लग्नाचा बस्ता असतो, आणि यातलं काहीच नसेल तर दवाखाना असतोच. आमच्या वर्ध्याहून रेल्वेनं जेमतेम सव्वा-दीड तास, पण माझी नागपूरची प्रत्येक फेरी कुठल्या ना कुठल्या फाईलसोबत झालेली. कधी मार्कशीटची, कधी पासपोर्टची, कधी बाबांच्या अँजिओग्राफीची. त्यामुळे "शनिवार-रविवार नागपूरला राहून येतो" असं घरी सांगितलं तेव्हा सासूबाईंनी आधी विचारलं, "काय काम काढलं?" आणि लगेच आवाज खाली आणून, "डॉक्टर काही बोलल्या का?"

डॉक्टर काही बोलल्या नव्हत्या. उलट पाचव्या महिन्याची सोनोग्राफी नीट झाल्यावर त्यांनीच सांगितलं, की फिरायचं असेल तर हेच दिवस. उलट्या थांबल्यात आणि पोट अजून आडवं येत नाहीये. नवऱ्याच्या डोक्यात चिखलदरा होता. पण घाटाचं नाव निघताच दोन्हीकडच्या आयांचे चेहरे असे झाले, की त्यानं ते पुन्हा काढलं नाही. नागपूरला मात्र तत्काळ मंजुरी मिळाली. कारण एकच, तिथं दवाखाने आहेत. म्हणजे फाईल याही खेपेला बॅगेत होतीच.

स्टेशनबाहेर ऑटोवाल्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं. "धंतोली ना, ताई?" धंतोली-रामदासपेठ हा दवाखान्यांचा पट्टा, बाहेरगावच्या गरोदर बाईला दुसरीकडं कुठं जायचं असणार? हॉटेलात जायचंय म्हटल्यावर त्यानं आरशातून नवऱ्याला विचारलं, "मंग भरती कधी होनार?"

हॉटेलात वेगळाच तर्क. दिवस डिसेंबरचे. 1953 च्या नागपूर करारात विधिमंडळाचं वर्षाला एक अधिवेशन इथं घ्यायचं ठरलं होतं, म्हणून हिवाळ्यात नागपुरात मंत्री येतात, त्यांच्यामागून मोर्चे येतात आणि खोल्यांचे दर वर जातात. काउंटरवरच्या मुलानं विचारलं, "अधिवेशनाचं काम का?" रजिस्टरात येण्याच्या कारणाचा रकाना होता. नवऱ्यानं तिथं 'फिरणे' लिहिलं. मुलानं ते वाचलं, म्हणाला, "कुठं?" नवरा म्हणाला, "इथंच." त्यानं किल्ली दिली, पण पटलेलं दिसलं नाही.

खोलीत गेलो आणि झोपलो. एवढे पैसे भरून दुपारी झोपायचं, हे आमच्या घरात कुणाला सांगायची सोय नाही. पण घरी माझ्या झोपेवरही देखरेख असते. डाव्या कुशीवर आहे ना, जेवून किती वेळ झाला, दूध कोमट हवं का. सगळं मायेचंच असतं, तक्रार करायला जागा नाही, आणि म्हणूनच जास्त दमायला होतं. इथं संध्याकाळी साडेपाचला जाग आली तेव्हा कुणीही दारावर टकटक केलेली नव्हती. नवरा खुर्चीत बसून जुनाच पेपर वाचत होता. दोन माणसांनी एका खोलीत काहीच न करणं ही चैन आता पुढची बरीच वर्षं मिळणार नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. कुणी बोललं नाही. नवऱ्यानं पेपरातल्या शब्दकोड्याचं सहा आडवं विचारलं.

गरोदर बाईच्या डोक्यातला शहराचा नकाशा वेगळा असतो. त्यात किल्ला, तलाव, बाजार हे सगळं नंतर येतं. आधी येतं बाथरूम. नागपुरात आता मेट्रो आहे, आणि तिचं कौतुक लोक वेगवेगळ्या कारणांसाठी करत असतील, मी करते ते स्टेशनवरच्या स्वच्छतागृहांसाठी. 2019 साली ती सुरू झाली तेव्हा पेपरात किलोमीटर आणि कोटी छापून आले होते. ही सोय कुणी मथळ्यात घेतली नाही. सीताबर्डीला गाडी बदलून आम्ही नुसतेच लोकमान्य नगरपर्यंत गेलो आणि परत आलो. वाटेत अंबाझरीचं पाणी दिसलं. एक आजोबा उठून म्हणाले, "बस ना, माय." रिकाम्या जागा समोर चिक्कार होत्या, पण त्यांनी दिलेलीच घेतली.

झिरो माइलला नवऱ्याचा हट्ट म्हणून थांबलो. चार घोडे, खांब, आणि दगडावर कोरलेली मैलांची अंतरं. हैदराबाद 318, जबलपूर 170, छिंदवाडा 83. इंग्रजांनी मोजमाप केलेल्या या दगडापाशी उभं राहून, पोटात पाचवा महिना असताना, सुरुवातीबद्दल काहीतरी सुंदर सुचायला हवं होतं. मला लघवीला लागली होती. आम्ही पुन्हा मेट्रो स्टेशन गाठलं.

सकाळी तर्री पोहे. कांदेपोह्यांवर हरभऱ्याचा लाल रस्सा ओतून खाणं पुण्याकडच्या लोकांना अत्याचार वाटतो, वाटू दे. "तर्री कमी" असं मी सांगितलं आणि गाडीवाल्यानं ऐकलं, पण त्याची 'कमी' नागपूरची होती. थोड्या वेळानं पोटात फडफड झाली. पहिल्या खेपेला बाळाची हालचाल ओळखू येत नाही असं सगळ्या सांगतात. गॅस वाटतो म्हणे. मी नवऱ्याचा हात धरला. बाळ की तर्री, यावर आमचं एकमत होईपर्यंत फडफड थांबली. त्यानं सावधगिरीनं दोन्ही शक्यता मनात धरून आनंद व्यक्त केला. फुटाळा तलावावर गुपचूप, म्हणजे आपली पाणीपुरी, खायचं मात्र टाळलं. बाहेरचं पाणी नको हे डॉक्टरांचं वाक्य मला ठेल्यासमोर पाठ म्हणावं लागलं. त्याऐवजी ढिगानं मांडलेली संत्री घेतली, आंबिया बहाराची, आणि कठड्यावर बसून सोलत राहिलो.

सीताबर्डीच्या मेन रोडवर नवरा एका ठेल्यापुढं थांबला. अंगठ्याएवढे मोजे, टोपडी, झबली. "एक जोडी घेऊ?" आमच्याकडं बाळाचं काहीही आधी आणत नाहीत. पहिलं झबलं जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती कापडाचं असतं. ही रीत मी मानते असं नाही, पण मोडावीशीही वाटली नाही. बाळंतपणाच्या बाबतीत मी एकदम जुन्या वळणाची झाले आहे, हे माझं मलाच नवीन. तो मोजे हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला. ठेलेवाल्याला वाईट वाटू नये म्हणून शेवटी त्यानं स्वतःसाठी तीन रुमाल घेतले.

परतीच्या गाडीत संत्रा बर्फीचा डबा मांडीवर होता. तो घरापर्यंत पोचणार नाही हे पुढच्याच अजनी स्टेशनला दिसलं. समोरच्या बाई बघत होत्या. लुगडं, हातात पिशवी, पुलगावला उतरणाऱ्या. मुलगा झाला तर पेढा आणि मुलगी झाली तर बर्फी, हा हिशोब ठाऊक नसलेली बाई आपल्याकडं सापडायची नाही.

"बर्फी घेतली," त्या म्हणाल्या, "म्हंजे पोरगी पायजे वाट्टे तुमाले?"

नवऱ्याचं तोंड भरलेलं होतं. त्यानं जोरात मान हलवली.

बाईंनी एकदा माझ्या पोटाकडं पाहिलं, एकदा डब्याकडं. "मंग आमालेबी द्या ना एक."