तुम्ही विचारलंत म्हणून: ते पाच आकडे

लग्नकार्यात भेट झाली की कोणीतरी विचारतंच, "काय रे, ते पाच आकड्यांचं डोमेन अजून सांभाळतोस? भाव आला होता तेव्हा विकलं का नाहीस?" डोमेन म्हणजे वेबसाइटचं नाव, माझं नुसत्या पाच आकड्यांचं. इतकी वर्षं विषय बदलत आलो. आज सांगतो.

तो मटका नव्हता, हे आधी ऐका. अक्षरांची नावं बरीच लांबवता येतात. पण नुसत्या आकड्यांची डॉट कॉम नावं तीन अंकी १,०००, चार अंकी १०,००० आणि पाच अंकी एक लाख. एकही वाढणार नाही. त्यातलं एक माझं, २००८ साली साध्या फीमध्ये नोंदवलेलं. मुंबईकराला तरी आकड्याचं वावडं नसावं. आपण गाडीला '८.५२' म्हणतो आणि डब्याच्या झाकणावरच्या खुणांवर जेवण बिनचूक पोचतं.

चीनमध्ये तर रोमन अक्षरांपेक्षा आकडे सोपे. नेटईज या चिनी इंटरनेट कंपनीचं १६३ हे नाव पूर्वी इंटरनेटसाठी फिरवायच्या नंबरावरून आलं. अलीबाबा कंपनीच्या १६८८ चा उच्चार 'अलीबाबा'च्या जवळ जातो. ८ भरभराटीचा, ४ मृत्यूसारखा ऐकू येणारा. तिथल्या खरेदीदारांना नकोसे असलेले ४ आणि ० माझ्या डोमेनमध्ये नाहीत. ते मी ठरवून घेतलं नव्हतं. नंतर मात्र ठरवूनच घेतलं असं सांगत आलो.

२०१५ मध्ये ३६० डॉट कॉम १ कोटी ७० लाख डॉलरला विकलं गेल्याची बातमी आली आणि माझी झोप उडाली. त्याच हिवाळ्यात माझं डोमेन विकत मागणारी एका दलालाची मेल आली. त्या रकमेत आईच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं होऊन वर पैसे उरले असते. आम्ही लालबागला तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आई प्रत्येक वळणावर कठड्याला धरून थांबायची. पिशवी खाली ठेवायची, पुन्हा उचलायची. मी मेल चार दिवस उघडून बघत राहिलो आणि पाचव्या दिवशी दुप्पट मागितले. उत्तर नाही. आठवड्याने "मूळ किमतीला तयार आहे" असं लिहिलं. तेव्हाही नाही. पुढच्या वर्षी भाव कोसळले. तीन वर्षांनी एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कर्ज काढून. दुसरा तसाच आहे.

तेव्हाचा मी म्हणायचा, दुर्मीळ वस्तू घाईने विकू नये. त्याला आज काय उत्तर देऊ? दुर्मीळ तर ती आहेच. पण कोणाला हवी असेल तेव्हाच तिची किंमत, हे त्याला कळत नव्हतं असंही नाही. मग हाव होती का? होती. आणि ते पाच आकडे अजूनही मला सुंदर वाटतात, हेही तितकंच खरं.

तुम्ही सगळे विचारता. आईने एकदाही विचारलं नाही. यंदा मी ते एकदम पाच वर्षांसाठी रिन्यू केलं. तिला सांगितलेलं नाही.